मागच्या बाजूला काय लावलंय

प्रांजलचा कॉम्प्युटर सकाळी उठायचा नाही. दुपारी लाइट जाऊन आली तर झटक्यात सुरू व्हायचा, संध्याकाळी तर काही बोलायलाच नको. रोग सगळा सकाळचा. बटण दाबलं की डब्यातला पंखा घुमायला लागायचा, पडद्यावर कंपनीचं नाव यायचं आणि तिथंच ठाण मांडून बसायचं. प्रांजल तोवर अंगण झाडून घ्यायची, चहा टाकायची, भाकरी थापायची. परत येऊन बघावं तर नाव जसंच्या तसं. सासूबाई कोकरांना पाला टाकायला गेल्या, की त्यानंतर कधीतरी ते पुढं सरकायचं.

बाहेर ओट्यावर माणसं ताटकळलेली असायची. जत तालुक्यातलं गाव, ऊन चढायच्या आत कामं उरकायची इथली रीत. कुणाला सातबारा हवा, कुणाला पीकविमा भरायचा, कुणाच्या पोरीचा स्कॉलरशिपचा अर्ज अडलेला. "वहिनी, उठलं का न्हाई अजून तुमचं?" असं कुणीतरी विचारायचं आणि बाकीचे खो खो हसायचे. हसून झालं की एकेक जण स्टँडजवळच्या जयराजच्या सेंटरकडं चालू लागायचा. प्रांजल खिडकीतून त्यांच्या पाठी बघत बसायची.

गिऱ्हाईक गेल्याचं दुःख होतंच, पण तिला जास्त लागायचं ते वेगळंच. तिच्या या सेंटरसाठी हरणाबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, घरात सगळ्यांशी भांडल्या होत्या. प्रांजल कराडला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून या घरात आली, तेव्हा सासरे नानासो म्हणाले होते, "मेंढरं राकायची सोडून आता पेटी राकत बसायचं व्हय?" त्यावर हरणाबाई ताडकन म्हणाल्या, "ती शिकल्याली हाय. शिकल्यालं माणूस दावणीला बांधून घालायचं न्हाई." आणि स्वतःची पुढची खोली रिकामी करून दिली. उजेडाची, वाऱ्याची, घरातली एकच बरी खोली. तेव्हापासून त्यांचं अंथरूण मधल्या अंधाऱ्या खोलीत, प्रांजलच्या टेबलामागं. दोघींच्या मधे दाराला लावलेला पडदा, बस्स.

नवरा बिरदेव सैन्यात, नानासो कळप घेऊन वर्षातले कितीतरी महिने घाटाकडं. घरात या दोघीच. हरणाबाईंचे गुडघे गेल्यापासून त्यांना मेंढरांमागं चालवत नव्हतं. जाताना नानासोंनी आपला छोटा लाल रेडिओ त्यांच्या हवाली केला होता. रेडिओ म्हणायचा, पण त्यात कार्ड होतं आणि कार्डात बिरोबाच्या जत्रेतल्या ओव्या आणि नानासोंचा ढोल. दिवेलागणीला हरणाबाई तो लावून बसायच्या, आणि कुठं जायचं झालं तर भाकरीबरोबर तोही पिशवीत असायचा.

कॉम्प्युटरचं दुखणं काढायला प्रांजलनं आपल्या परीनं सगळं केलं. डबा उघडून धूळ फुंकली. मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं घासली. आतला बटणासारखा सेल बदलला. वायर बदलली. एकदा वाटलं, थंडीचे दिवस आहेत, सकाळच्या गारठ्यानं वीज देणारा भाग आखडत असेल, म्हणून रात्री डब्यावर सतरंजी टाकून बघितली. काही फरक नाही. शेवटी तिनं सौमित्रला फोन लावला. सौमित्र तिचा कराडचा वर्गमित्र, आता सांगलीत विश्रामबागेत त्याचं दुरुस्तीचं दुकान. "घेऊन ये, हार्ड डिस्क गेली असणार," तो म्हणाला.

"एकली कशी जाशील वजं घेऊन?" म्हणत हरणाबाई निघाल्या. डबा त्यांनी घोंगड्यात गुंडाळला आणि एसटीत थेट मांडीवर घेतला. प्रांजल म्हणाली, "आत्या, खाली ठेवा की." तर म्हणाल्या, "खड्ड्यानं आदळंल. नाजूक वस्तू हाय." मिरज येईस्तोवर त्यांनी हात सैल केला नाही. दुखरे गुडघे, वर ते ओझं, आणि कंडक्टरनं "आजी, काय हाय त्यात?" विचारलं तर ऐटीत सांगितलं, "आमच्या सुनंचा कॉम्प्युटर."

सौमित्रचं दुकान काचेचं, आत गारेगार. हरणाबाईंनी चपला बाहेर काढल्या आणि खुर्च्या असताना दाराजवळच्या चकचकीत फरशीवर भिंतीला टेकून बसल्या. कपाळभर भंडारा, नऊवारीचा काष्टा, मांडीवर पिशवी, शेजारी घोंगडं. डब्याच्या जाळीत लोकरीचा एक पुंजका अडकला होता. सौमित्रनं तो दोन बोटांच्या चिमटीत धरून कचऱ्याच्या डब्यात टाकला. काही वाकडं बोलला नाही. हरणाबाईंकडं बघून हसला आणि प्रांजलला विचारलं, "ह्या?"

"गावातल्या आहेत," प्रांजल म्हणाली. "दवाखान्यात दाखवायचं होतं त्यांना. सोबत आल्या."

आता हे बोलायची काय गरज होती? कुणी तिच्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. सौमित्र सरळ मुलगा, ‘सासूबाई’ म्हटलं असतं तर उठून नमस्कार केला असता त्यानं. पण बाईच्या तोंडून ते असं सफाईनं निघालं, जसं काही येताना एसटीत पाठ करून आली होती. खरं म्हणजे पाठच होतं. कराडला शिकताना मैत्रिणींनी विचारलं की ती "गावाकडं शेती आहे आमची" एवढंच सांगायची. मेंढरांचा उल्लेख नाही. त्यासाठी कुणी तिला कधी हिणवलंही नव्हतं, आपलं आपणच ठरवून टाकलं होतं की हिणवतील.

बोलून गेल्यावर तिच्या कानशिलांवर ऊन लागल्यासारखं झालं. मागं वळून बघायचा धीर होईना. आत्यांनी ऐकलं नसेल, मशीनचा आवाज आहे, त्या बाहेर रस्त्यावर बघत असतील, असं ती मनाशी म्हणत होती.

तेवढ्यात सौमित्रनं आपुलकीनं विचारलं, "आजी, काय होतंय तुम्हाला?"

"गुडगं," मागून हरणाबाई म्हणाल्या. "लय दुकत्यात."

"डॉक्टरांची वेळ घेतलीय का?"

"घेतलीया दुपारची. ह्यास्नी म्हटलं, तुमी चाललाय तर मलाबी न्या."

‘ह्यास्नी’ आणि ‘तुमी’ म्हणजे प्रांजलला. लग्न झाल्यापासून हरणाबाईंनी तिला ‘अगं पोरी’शिवाय हाक मारली नव्हती. त्यांनी ऐकलं होतं, सगळं ऐकलं होतं, आणि सुनेचं खोटं उघडं पडू नये म्हणून स्वतः त्याला खांदा लावला होता.

"मग तू यांना दाखवून आण," सौमित्र म्हणाला. "तोवर मी उघडून बघतो."

झालं. नसलेल्या डॉक्टरकडं जायला दोघी उन्हात बाहेर पडल्या. थोडं पुढं एका झाडाखाली बाकडं होतं, त्यावर बसल्या. हरणाबाईंनी पिशवीतून फडकं काढलं, भाकरी मोडली, अर्धी सुनेपुढं धरली. प्रांजलला घास गिळेना. लाज अशी वाटत होती की त्या बाकड्यावरून उठून कुठंतरी पळून जावं. माफी मागावी म्हणून तिनं तोंड उघडलं.

"आत्या, ते मगाशी मी..."

"चटणी घे," हरणाबाई म्हणाल्या. "कोरडी भाकरी घशाखाली उतरायची न्हाई."

प्रांजलनं चटणी घेतली. बोलायचं राहूनच गेलं, आणि राहून गेलं याचं तिला जरा बरंही वाटलं.

दुकानात परत गेल्या तेव्हा सौमित्र डोकं खाजवत होता. "काय म्हणाले डॉक्टर, आजी?"

"गोळ्या दिल्यात," हरणाबाई म्हणाल्या आणि आपल्या जागी जाऊन बसल्या.

"प्रांजल, तुझं मशीन इथं मस्त चालतंय," सौमित्र म्हणाला. "परत परत बंद-चालू करून बघितलं, एकदाही अडलं नाही. हार्ड डिस्क म्हातारी झालीय हे खरं, पण म्हातारी असली तरी ती फक्त सकाळीच कशी रुसेल? आणि कंपनीच्या नावावर अडकतं म्हणजे विंडोज यायच्या आधीच घोळ आहे. मशीन जागं झालं की आधी आपल्या अंगाला काय काय जोडलंय ते एकेक तपासतं. त्यात एखादी बिघडलेली वस्तू असली की तिच्याशीच झटत बसतं. घरी मागच्या बाजूला काय लावलेलं असतं? पेनड्राइव्ह, मोबाइल, काहीही?"

"काही नाही. की-बोर्ड, माउस, प्रिंटर."

"नक्की?"

"सौमित्र, मीही डिप्लोमा केलाय."

"बरं बाई." तो हसला आणि उगाच गंमत म्हणून हरणाबाईंकडं वळला. "आजी, तुम्ही जात असाल ना हिच्या सेंटरवर? तुम्हाला कधी दिसलंय का मागं काही लोंबकळताना?"

हरणाबाईंनी मांडीवरची पिशवी पोटाशी ओढली. प्रांजलकडं बघितलं. प्रांजल पडद्याकडं बघत होती.

"मला काय म्हाईत, बाबा," त्या म्हणाल्या. "मी कवातरी दाखल्यापुरती जाती. भाईरच बसती."

मग सौमित्रनं संशयाला जागा नको म्हणून नवी डिस्क घातली आणि वीज देणारा डबाही बदलला. परतीच्या एसटीत हरणाबाईंनी कॉम्प्युटर पुन्हा मांडीवर घेतला. या वेळी कंडक्टरनं काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं आणि प्रांजल पदराला हात पुसेपर्यंत मशीन तयार! ओट्यावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या आनंदाला पारावार राहिला नाही. येईल त्याला सौमित्रचं कौतुक सांगायला लागली. बघता बघता जयराजकडं गेलेली माणसं परत आली. हरणाबाई पडद्याआडून एवढंच म्हणाल्या, "झालं न्हवं बेस? मग झालं."

सांगलीचा विषय घरात निघाला नाही. हरणाबाई पूर्वीसारख्याच वागत होत्या, वेळेवर हाक मारत होत्या, ताटात वाढत होत्या. त्यांनी एकदा तरी टोमणा मारावा असं प्रांजलला वाटायचं. म्हणजे भांडता आलं असतं, रडता आलं असतं, मोकळं होता आलं असतं. त्या मारत नव्हत्या. प्रांजलही आपण होऊन बोलत नव्हती. आज बोलू, उद्या बोलू करत दिवस चालले होते.

मग एका संध्याकाळी तिच्या ध्यानात आलं, की घरात ढोल वाजत नाही. कधीपासून वाजत नाही, हेही तिला आठवेना.

"आत्या, रेडिओ का लावत न्हाई तुमी?"

"बिघडला."

"बघू, आणा इकडं."

"ऱ्हाऊ दे गं. जुना झाला."

प्रांजलला वाटलं, निदान एवढं तरी आपण करू. तिनं रेडिओ शोधून काढला, कॉम्प्युटरच्या पुढच्या बाजूला वायर लावून बघितलं. बिघडला कुठला, नुसता चार्ज संपला होता. कार्ड मात्र थोडं खराब झालेलं, काही ओव्या उघडत होत्या, काही नाही. नानासोंचा ढोल शाबूत होता. तिला इतका आनंद झाला, की सकाळी आत्यांच्या हातात वाजता रेडिओच द्यायचा असं ठरवून तिनं तो तसाच लावून ठेवला. मशीन बंद असलं तरी वायर लावायच्या भोकांना वीज येत असते.

सकाळी बटण दाबलं. पंखा घुमला. कंपनीचं नाव आलं. आणि बसलं.

प्रांजल चुलीवर चहा ठेवून आली, नाव तसंच. ओट्यावर कुणीतरी खाकरलं, कुणीतरी हसलं. तिच्या डोक्यात तिडीक गेली. नवी डिस्क, नवा डबा, आणि ही तऱ्हा! तिनं सौमित्रला फोन लावला, स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि वायरी चाचपत त्याच्यावर तोंड सोडलं.

"कसला माल घातलास रे? परत तेच सुरू झालंय! ओळखीच्या माणसाला असं फसवतात?"

"अगं, दमानं घे," सौमित्र म्हणाला. "आधी बघ, मशीनला काही लावलंय का?"

"काही नाही म्हटलं ना! हा नुसता रेडिओ..." म्हणता म्हणता तिनं वायर उपटली. उपटल्याबरोबर नाव गेलं आणि विंडोज आलं.

"आलं," प्रांजल पुटपुटली.

"सापडलं ना?" सौमित्र हसायला लागला. "कार्ड खराब असणार त्यातलं. त्याच दिवशी विचारत होतो मी तुला. बरं, त्या आजींचे गुडघे कसे आहेत?"

पडद्यापाशी हरणाबाई उभ्या होत्या. कोकरांचा पाला काखोटीला मारून त्या निघाल्या होत्या, आवाज ऐकून थांबल्या होत्या. प्रांजलनं त्यांना बघितलं. त्यांच्यासमोर, त्यांच्या डोळ्यांत बघत, ती फोनमध्ये म्हणाली, "बऱ्या आहेत. दिसतात कधी कधी."

आणि फोन बंद केला. हे आपण पुन्हा केलं, आणि आता तर समोरासमोर केलं, हे कळूनही शब्द तोंडातून निघून गेले होते.

मग तिनं हातातली वायर दाखवली. "आत्या, तुमी ह्यो रोज पाठीमागं लावत होता?"

"व्हय. तू निजलीस की लावायची, सकाळी कोकराकडं जाताना काढायची. त्याची पिन त्या भोकात बसती. तुज्या पेटीला बाधतंय हे मला कुटं ठावं? त्या पोरानं इचारलं तवा माज्या टकुऱ्यात आलं. घरी आल्यापास्नं हातबी लावला न्हाई बग."

"मग त्यानं इचारलं तवाच का न्हाई सांगितलं?" प्रांजलचा आवाज चढला. चढायला नको होता, पण लाज वाटली की तिला रागच यायचा. "त्यानं सरळ तुमास्नीच इचारलं हुतं की!"

हरणाबाईंना तो प्रश्नच विचित्र वाटला असावा. त्यांनी पाला खाली ठेवला.

"आगं, मी गावातली बाई न्हवं का तितं?" त्या म्हणाल्या. "गावातल्या बाईला तुज्या पेटीच्या पाठीमागं काय लावलंय, ह्ये कसं म्हाईत आसंल? मी बोल्ली आसती तर तू लबाड पडली आसतीस की त्याच्याफुडं."

बोलण्यात टोमणा नव्हता. साधा हिशेब सांगावा तसं त्यांनी सांगितलं. प्रांजलला वाटलं, यापेक्षा त्यांनी चार माणसांत मुस्काटात मारली असती तर परवडलं असतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिनं फोन उचलला.

"मी आत्ता लावते त्याला. सांगते, त्या माझ्या सासूबाई हायत म्हणून. आत्ताच सांगते."

"नगं," हरणाबाई म्हणाल्या.

"न्हाई, सांगतेच."

"नगं म्हटलं न्हवं! झालं ते झालं. आता आनी कशाला मान खाली घालतीस त्याच्याफुडं? ठेव त्यो फोन. माणसं बसल्यात भाईर."

प्रांजलनं फोन ठेवला. आत्यांनी ‘नगं’ म्हटलं त्या क्षणी तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. वाटू नये असं ती स्वतःला बजावत होती, पण वाटलं, आणि ते तिच्या तोंडावर लख्ख दिसलं असणार. कारण हरणाबाई तिच्याकडं बघत होत्या, त्यांनी एकदम नजर काढून घेतली, पाला उचलला आणि कोकरांकडं निघून गेल्या.